जुना रेकॉर्ड प्लेयर चालवणं, जपणं आणि दुरुस्त करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती साधारण १९६० ते १९८५ या काळातल्या, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या प्लेयरसाठी आहे. विदर्भातल्या घरांमधून आजही निघणारे एचएमव्हीचे फिएस्टा आणि कॅलिप्सो, गॅरार्डचे चेंजर (तबकड्या आपोआप बदलणारे प्लेयर), फिलिप्सचे प्लेयर, सगळे यात आले. नाव कोणतंही असो, आतली रचना दोन-तीन प्रकारांचीच असते. चावीच्या ग्रामोफोनची गोष्ट वेगळी आहे, त्याचं उत्तर शेवटाकडे दिलं आहे.

प्लेयर कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. आधी काय करायचं?

प्लग लावायचा नाही, हे पहिलं. बहुतेक नुकसान त्या पहिल्या पाच मिनिटांत होतं. ग्रीस वाळून दगड झालेलं असतं, मोटर अडकते आणि तशीच तापत राहते.

मागचं किंवा खालचं झाकण उघडा. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, कुठे तांबं उघडं पडलंय का, गांधीलमाशीचं मातीचं घर किंवा पालीची अंडी आहेत का, ते बघा. कोरड्या ब्रशने साफ करा. मग तबकडी ठेवायची थाळी हाताने फिरवून बघा. जड फिरत असेल तर आधी साफसफाई आणि तेल, वीज नंतर. मागे ११०/२२० व्होल्टचा बदल असेल तर तो २२० वर आहे ना, याची खात्री करा.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज दिव्यातून, म्हणजे प्लेयरकडे जाणारी वीज आधी बल्बमधून जाईल अशा बोर्डावरून. गावातल्या कोणत्याही वायरमनकडे असा बोर्ड असतो. ६० वॅटचा तारेचा बल्ब घ्या, एलईडी चालत नाही. बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर शॉर्ट नाही. मोटर यावर थोडी हळू फिरेल, ते ठीक आहे.

शॉक लागण्याची भीती कितपत आहे?

आहे, आणि ती गंभीरपणे घ्या. त्या काळच्या काही स्वस्त व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) प्लेयरमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसायचा. मोटरच्या वाइंडिंगमधूनच वीज घेतलेली असायची आणि पत्र्याची चेसिस थेट लाइनला जोडलेली. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की वरच्या स्क्रूलासुद्धा करंट. म्हणून चालू प्लेयरच्या प्रत्येक उघड्या धातूला टेस्टर लावून बघा, मग प्लग उलटा करून पुन्हा बघा. टेस्टर पेटला तर तो सेट जाणकाराकडून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून घेतल्याशिवाय वापरू नका.

व्हॉल्व्हच्या सेटमध्ये प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये दोन-तीनशे व्होल्ट राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरने त्याच्या दोन टोकांवर काही सेकंद धरा, मीटरने शून्य बघा, मगच हात घाला.

थाळी फिरत नाही. मोटर जळाली का?

बहुधा नाही. या मोटरी मजबूत असतात. प्लेयरचा स्विच चालू करून प्लगच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा (प्लग अर्थातच सॉकेटच्या बाहेर). काहीशे ओहम दाखवत असेल तर वाइंडिंग शाबूत आहे. काहीच दाखवत नसेल तर आधी स्विच आणि वायर तपासा, दोष तिथेच निघण्याची शक्यता जास्त. वाइंडिंग खरंच तुटलं असेल तर तालुक्याच्या गावी पंखे आणि पंप बांधून देणारा वाइंडिंगवाला ही मोटर बांधू शकतो. नवी तार जुन्याच जाडीची आणि तेवढ्याच वेढ्यांची बांधायला सांगा.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच : तेल वाळलंय. ते असं करा.

थाळीच्या मधल्या दांड्याभोवती सी आकाराची क्लिप असेल तर ती काढा आणि थाळी दोन्ही हातांनी सरळ वर उचला. निघत नसेल तर दांड्यावर हातोडी मारू नका, दांडा वाकला की प्लेयर संपला. थाळीखालची बेअरिंग पुसताना तळाशी बारीक स्टीलची गोळी असू शकते, ती हरवू देऊ नका. मोटर खाली काढा, तिचे दोन लांब स्क्रू सोडा, रोटर बाहेर घ्या. दोन्ही टोकांच्या पितळी बुशात आणि भोवतीच्या नमद्यात वाळलेलं तेल असतं. ते टर्पेंटाइनने धुवा, नीट सुकू द्या. मग शिलाई मशीनचं तेल बुशात दोन थेंब आणि नमदा ओला होईल इतकं. खोबरेल तेल, एरंडेल, इंजिन ऑइल काही नको. गंज सोडवायचा जो स्प्रे मिळतो, तोही वंगण म्हणून टिकत नाही.

मोटर परत जोडताना स्क्रू एकदम आवळू नका. दोन्ही थोडे थोडे आवळत जा, मधूनमधून पेचकसाच्या मुठीने मोटरला हलकं ठोका आणि दांडा बोटांनी फिरवून बघा. बुश आपोआप सरळ रेषेत येतात. चिमटीने फिरवून सोडल्यावर दांडा काही सेकंद स्वतःहून फिरत राहिला, तर काम जमलं.

मोटर फिरते, थाळी मात्र घसरते किंवा हळू पडते.

आत रबरी चाक आहे की पट्टा, ते आधी बघा.

जुन्या प्लेयरमध्ये मोटरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या दांड्याला आणि थाळीच्या आतल्या कडेला एकाच वेळी टेकणारं रबरी चाक असतं. त्याला तेल लागलं की घसरतं. खाली-वर बारीक वॉशर असतात, त्यांचा क्रम मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चाक, दांडा आणि थाळीची आतली कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापूस काळा होणं थांबेपर्यंत पुसत राहा. रबर चकचकीत झालं असेल तर चाक फिरत असताना ४०० नंबरचा पॉलिश पेपर कडेला दोन-चार सेकंद हलका टेकवा.

रबर कडक होऊन भेगाळलं असेल तर ते बदलायचं. इथे एक गोष्ट बऱ्याच मेकॅनिकनाही ठाऊक नसते : या चाकाचा व्यास एक-दोन मिलिमीटर कमी-जास्त झाला तरी तबकडीचा वेग बदलत नाही. वेग ठरतो मोटरच्या पायरीच्या आणि थाळीच्या आतल्या कडेच्या व्यासावर. मधलं चाक फक्त गती पोहोचवतं. म्हणून नेमका मूळ भाग मिळत नाही म्हणून अडून बसू नका. लेथवाल्याकडून जुन्या कडीवर तेलाने न फुगणारं नायट्राइल रबर चढवून घ्या आणि ते लेथवरच घासून अगदी गोल करून घ्या. माप जरा इकडेतिकडे चालेल, गोलाई मात्र पक्की हवी.

चाकाच्या दर फेरीला "ठक-ठक" येत असेल तर चाकाला खड्डा पडलाय. प्लेयर बंद करताना वेगाचा खटका मधे, न्यूट्रलवर न ठेवल्याने चाक वर्षानुवर्षं दांड्याला चिकटून राहतं आणि तसं होतं.

पट्ट्याचा प्लेयर असेल तर जुना पट्टा कधीकधी डांबरासारखा वितळून चिकटलेला सापडतो, तो आयसोप्रोपिलने खरवडून काढा. नव्याचं माप : पुली आणि थाळीच्या आतल्या कडेभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा, त्यातून पाच टक्के कमी करा. दोरा ६० सेंटिमीटर भरला तर पट्टा ५७ चा. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चिकटवू नका. जाडी सारखी नसते आणि सांधा दर फेरीला सुरात ऐकू येतो.

वेग बरोबर आहे का, कसं कळेल?

सगळ्यात सोपं : ३३⅓ वर लावा, थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा, मोबाइलचं घड्याळ लावा. तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या व्हायला हव्यात. ४५ वर एका मिनिटात ४५. हे तबकडी लावून आणि सुई टेकवून मोजा, कारण ओझं आल्यावरच वेग पडतो.

जास्त अचूक हवं तर स्ट्रोब चकती, म्हणजे रेघांची वर्तुळं छापलेली चकती. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेसाठी ३३⅓ च्या वर्तुळात १८० रेघा, ४५ साठी १३३ आणि ७८ साठी ७७. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. मात्र उजेड जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा किंवा निऑन दिव्याचा हवा. चांगल्या एलईडीचा उजेड लुकलुकत नाही, त्यामुळे रेघा दिसतच नाहीत. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेल्या चकतीवर ३३⅓ साठी २१६ रेघा असतील तर ती ६० हर्ट्झची आहे, इथे उपयोगाची नाही.

तिथून आणलेल्या प्लेयरचीही हीच अडचण. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जमतं, पण ५० हर्ट्झवर मोटर सुमारे १७ टक्के हळू फिरते. त्याला ५० हर्ट्झची पुलीच लागते.

रात्री गाणं संथ होतं, दिवसा ठीक असतं. का?

शेतातले पंप. ज्या आठवड्यात शेतीची लाइन रात्री असते, त्या आठवड्यात डीपीवर ताण येऊन घरातलं व्होल्टेज १७०-१८० पर्यंत खाली येतं. साध्या इंडक्शन मोटरची ताकद व्होल्टेजबरोबर झपाट्याने घटते. तेलपाणी नीट असलेली मोटर एवढं निभावून नेते, जड झालेली मंदावते. म्हणून आधी बेअरिंग साफ करा, स्टॅबिलायझर नंतर विकत घ्या.

भारनियमनात इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर तो साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर मोटर गुरगुरते, तापते आणि तो आवाज स्पीकरमध्ये उतरतो.

मोटर उत्तम, पण आवाजच नाही.

आवाज वाढवून सुईला मऊ ब्रशचा केस हलकेच लावा. खरखर आली तर सगळं ठीक, न आल्यास दोष कार्ट्रिजमध्ये (सुई जिच्यात बसते ती छोटी डबी) आहे की अॅम्प्लिफायरमध्ये, ते शोधायचं. सुईच्या आर्मच्या टोकाशी असलेल्या हेडमधली कार्ट्रिजची वायर काढून तिच्या टोकाला इन्सुलेटेड मुठीच्या पेचकसाचं पातं लावा (चेसिसला करंट नाही याची खात्री करूनच). "घूं" असा आवाज आला तर अॅम्प्लिफायर जिवंत आहे, कार्ट्रिज मेलंय.

विदर्भात हे सर्रास होतं आणि त्याला कारण आहे. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट असतो. तो दमट हवेत पाणी शोषतो, आणि ५५ अंशांच्या आसपास कायमचा बाद होतो. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश असताना टिनाच्या छताखालच्या माळ्यावर किती होत असेल, विचार करा. मेलेलं क्रिस्टल दुरुस्त होत नाही. त्याच्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवा, त्याला उष्णतेचं आणि दमटपणाचं भय फार कमी. सिरॅमिकचा आउटपुट क्रिस्टलपेक्षा बहुधा कमी असतो, त्यामुळे आवाज जरा कमी येऊ शकतो.

मोनो प्लेयरला स्टीरिओ सिरॅमिक कार्ट्रिज लावताना डावीकडची आणि उजवीकडची जिवंत टोकं एकत्र जोडा, दोन्ही अर्थिंगची टोकं एकत्र. रंगांची रीत : पांढरी डावी, निळी डावीचा अर्थ, लाल उजवी, हिरवी उजवीचा अर्थ. डाग देताना (सोल्डरिंग करताना) वायरची क्लिप कार्ट्रिजच्या पिनेवर असू देऊ नका. क्लिप आधी काढा, वायर क्लिपला जोडा, थंड झाल्यावर बसवा. कार्ट्रिज डागाच्या उष्णतेने मरतं.

सुई कोणती लावायची?

याबाबतीत आमचं मत ठाम आहे : प्लेयर दुसरा मिळेल, बिघडलेली तबकडी परत मिळणार नाही. चुकीची किंवा झिजलेली सुई एका फेरीत खाच कोरून काढते.

७८ च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई. एलपी (३३⅓ ची तबकडी) आणि ४५ च्या बारीक खाचेला साधारण १८ ते २५ मायक्रॉन. बऱ्याच सिरॅमिक कार्ट्रिजमध्ये दोन्ही सुया पाठीला पाठ लावून असतात आणि छोट्या पात्याने उलटवतात. पात्याच्या एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी लिहिलेलं असतं. बारीक सुईने ७८ लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते, नुसती खरखर ऐकू येते. रुंद सुईने एलपी लावली तर एलपीच जाते.

नीलमाची सुई पन्नासेक तास टिकते, हिऱ्याची पाचशे ते हजार. कोणती आहे हे माहीत नसेल तर नीलमाचीच समजा आणि बदला. सोनाराच्या भिंगाखाली टोक गोल दिसायला हवं. दोन बाजूंनी सपाट झालेलं असेल तर फेकून द्या.

आणखी एक : जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई फक्त आडवी हलते. तिने स्टीरिओ तबकडी लावू नका.

सुई उड्या मारते. आर्मवर नाणं ठेवू का?

नको. जुन्या घरांतल्या किती तबकड्या त्या चार आण्याच्या नाण्याने करड्या पडल्या आहेत. उडी मारण्याचं कारण शोधा. गवंड्याची लेव्हल थाळीवर आडवी-उभी ठेवून प्लेयर सपाट आहे का बघा. आर्म हाताने आत-बाहेर फिरवा, कुठे अडकत असेल तर आतल्या वायरी वळून कडक झाल्यात किंवा बुडाचं ग्रीस वाळलंय. सुईवर कापसाचा पुंजका आहे का, तेही बघा. जिनिंगच्या दिवसांत हे रोजचं आहे.

मग वजन. सिरॅमिक कार्ट्रिजला साधारण ४ ते ६ ग्रॅम, मॅग्नेटिकला दीड ते ३ ग्रॅम, नेमका आकडा कार्ट्रिजच्या माहितीत असतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला डिजिटल काटा घ्या आणि सुई तबकडीच्याच उंचीवर टेकवून मोजा. मागे फिरवायचं वजन असेल तर त्याने, नसेल तर आर्मखालची स्प्रिंग एक-एक खाच सरकवून जमवा.

सतत "घुर्र" असा आवाज येतो.

आर्म उचलल्यावरही येतो का? येत असेल तर अर्थची वायर सुटली आहे किंवा पॉवर सप्लायचा कपॅसिटर वाळला आहे. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्ट तेवढे किंवा जास्त. प्लस-मायनस उलट झालं तर फुटतो. सुई टेकल्यावरच येत असेल तर मोटरचं थरथरणं वर पोहोचतंय : मोटरखालचे रबरी ग्रोमेट कडक झालेत, बदला. स्पीकर प्लेयरच्याच टेबलावर असेल तर तो आधी हलवा.

घरातल्या होम थिएटरला जोडता येईल का?

सिरॅमिक कार्ट्रिज थेट ऑक्सला चालतं, पण खर्ज कमी येतो कारण त्याला एक मेगाओहमच्या आसपासचा इनपुट हवा असतो. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा आउटपुट ३ ते ५ मिलिव्होल्ट इतकाच, त्याला फोनो प्रीअॅम्प्लिफायर लागतोच.

तबकड्या कशाने धुवायच्या?

आधी ओळखा. जड, ठिसूळ, एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास वाजणारी ७८ ची तबकडी म्हणजे लाखेची. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर जी लाख पिकते, तीच लाख दगडाच्या भुकटीत आणि काजळीत मिसळून या तबकड्या बनत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे लाखेच्या तबकडीला स्पिरिट, आयसोप्रोपिल, सॅनिटायझर यांतलं काहीही लावायचं नाही. एका पुसण्यात गाणं जातं. भारतात या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, तेव्हा तबकडी फार जुनी दिसत नाही म्हणून गाफील राहू नका.

लाखेच्या आणि एलपीच्या, दोन्ही प्रकारांना चालणारं द्रावण : एक लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. हे पाणी ट्रॅक्टर-इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या दुकानात मिळतं, फक्त बाटलीवर अॅसिड लिहिलेलं नाही ना, ते वाचून घ्या. बोअरचं पाणी वापरू नका. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात तर मुळीच नको, सुकल्यावर क्षार खाचेत बसतात. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, कागदी लेबल कोरडं ठेवा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवून सावलीत उभी सुकवा. पावसाळ्यात आलेली पांढरी बुरशीही याने जाते. लाखेची तबकडी पाण्यात भिजत ठेवू नका, लगेच पुसा.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची?

एलपी लोखंडी पेटीत आणि आडव्या ढिगात ठेवू नका. आतल्या खोलीत, लाकडी कपाटात, उभ्या आणि जरा घट्ट ठेवा. बाहेरच्या तापणाऱ्या भिंतीला कपाट लावू नका. बाक आलेली एलपी दोन जाड काचांमध्ये ठेवून वर चार-पाच किलो वजन, सावलीत, दोन-तीन आठवडे. थोडा बाक जातो, सगळा नाही. उन्हात ठेवून सरळ करायचा प्रयत्न खाचा बिघडवतो.

प्लेयर कूलरच्या झोतात नको. दमट हवेने क्रिस्टल कार्ट्रिज जातं आणि खटक्यांना गंज चढतो. कूलरचा पंप सुरू-बंद होताना स्पीकरमध्ये "टप्प" येत असेल तर प्लेयरचा प्लग वेगळ्या बोर्डावर घ्या. कपाटात डांबराच्या गोळ्याही ठेवू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.

सेलवरचा प्लेयर कधी जलद, कधी हळू फिरतो.

सेलची पट्टी बघा. साधे सेल गळले असतील तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसा, अल्कलाइन असतील तर लिंबू. मग ओल्या कापडाने पुसून कोरडं करा आणि पट्टी पॉलिश पेपरने उजळा. त्यानंतरही वेग हलत असेल तर मोटरमधल्या गव्हर्नरचे (वेग एकसारखा ठेवणाऱ्या भागाचे) संपर्क काळे झालेत. मोटर उघडता येत असेल तर आयसोप्रोपिलमध्ये बुडवलेली कागदी पट्टी त्यांच्यामधून ओढा. पॉलिश पेपर तिथे वापरू नका.

चावीचा ग्रामोफोन आहे. त्याला काय लागतं?

दर बाजूला नवी स्टीलची सुई, आणि फक्त लाखेच्या तबकड्या. त्याच्या साउंड बॉक्सचं (सुई बसते त्या गोल डबीचं) वजन शंभर ग्रॅमच्या घरात असतं, एलपी लावली तर एका वेळेत नासते. आवाज फुटत असेल तर साउंड बॉक्समधल्या पडद्याच्या कडेचं रबर कडक झालंय, तिथे मऊ रबरी नळी बसवा. गव्हर्नरला शिलाई मशीनचं तेल, गिअरला ग्रीस. आत धडधड आवाज करत चावी सुटत असेल तर स्प्रिंगचं ग्रेफाइट ग्रीस वाळलंय. स्प्रिंगचा डबा मात्र घरी उघडू नका. पूर्ण उतरलेली स्प्रिंगही त्यातून झेप घेऊन बोटं कापते.

बाजारात "अँटिक" म्हणून चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन विकायला असतात. त्यातले बरेच अलीकडे जोडलेले असतात. खात्री करायची असेल तर आर्म तबकडीच्या मधल्या लेबलापर्यंत न अडकता जातो का आणि एक पूर्ण बाजू एका वेगात वाजते का, ते विकत घेण्याआधी तिथेच ऐका.

सामान कुठे मिळेल?

शिलाई मशीनचं तेल आणि टर्पेंटाइन गावात, रबराचं काम तालुक्याच्या लेथवर. आयसोप्रोपिल, कपॅसिटर, रेझिस्टर नागपूरच्या सीताबर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. कार्ट्रिज आणि सुई बहुधा ऑनलाइनच मागवावी लागते. मागवण्याआधी जुन्या कार्ट्रिजवरचा नंबर, पिनांची संख्या आणि दोन स्क्रूंच्या मधलं अंतर लिहून घ्या. मानक अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. तुमच्या हेडमध्ये तेवढं भरत नसेल तर पट्टी मारून बसवायची जागा आहे का, ते आधी मोजा.